भयाचा पहारा

कोट्यवधी निरपराधांच्या संहाराची धमकी देऊन राखलेली शांतता नीतीला मान्य होईल काय? अण्वस्त्रांचे समर्थक म्हणतात, १९४५ नंतर महासत्तांमध्ये महायुद्ध पेटले नाही, हे त्या भयाचेच फळ. हा युक्तिवाद आम्हांला सहजी झटकून टाकता येत नाही.

तथापि नानाखेड्यात काय किंवा जुन्या उज्जैनात काय, पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींना धाकाचा एक निराळा इतिहास ठाऊक आहे. शिंदे व होळकर या दोघांनीही युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या होत्या. बळापुढे बळ उभे होते, तरी युद्ध टळले नाही. जुलै १८०१ मध्ये यशवंतरावांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला; ऑक्टोबरात शिंद्यांच्या सैन्याने इंदूर लुटले. सूडापुढे हिशेब हरला, आणि १८०३ मध्ये फायदा इंग्रजांनी उचलला.

अणुयुद्धात जेत्यालाही काही उरणार नाही, हा भेद मोठा आहे. पण निर्णय घेणारी माणसे तशीच मानी आणि संशयी आहेत. १९६२ च्या क्यूबा पेचात केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांनी परस्परांना माघारीची वाट मोकळी ठेवली, म्हणून भयाचा उपयोग झाला. भारताने २००३ मध्ये अधिकृतपणे जाहीर केलेले ‘प्रथम वापर नाही’ हे धोरणही आम्हांला याच कारणाने मोलाचे वाटते. भय उगारलेला हात क्षणभर थांबवील. तो खाली आणण्याचे काम विवेकालाच करावे लागते.