तिसऱ्या पाळीचा पासवर्ड

रात्री दोन वाजता ट्रक भरून उभा असतो आणि एका पासवर्डवाचून तो गेटबाहेर पडू शकत नाही, हे कारखान्याबाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटकन पटत नाही. पण पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल रस्त्यावर न्यायचा तर ई-वे बिल लागतं. आंतरराज्य वाहतुकीला ते १ एप्रिल २०१८ पासून सक्तीचं झालं. बिल पोर्टलवर निघतं आणि पोर्टल उघडायला लॉगिन लागतं. शिवाय ज्या गाडी कंपनीला माल जायचा, तिच्या पुरवठादार-पोर्टलवर माल निघाल्याची आगाऊ नोंद करावी लागते. गाडी कंपन्या सुट्या भागांचा साठा फार ठेवत नाहीत. एक ट्रक अडला तर तिकडची जुळणीची लाइन थांबू शकते, आणि लाइन थांबण्याचा दंड पुरवठादाराला परवडणारा नसतो.

मी चाकणहून ओरगडमला आलो तो अशाच एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या कामासाठी. ओरगडम चेन्नईच्या नैर्ऋत्येला, कांचीपुरम जिल्ह्यात आहे. आपल्याकडे एमआयडीसी, तसं इथे सिपकॉट. रेनो-निस्सानचा कारखाना २०१० साली सुरू झाला, भारतबेन्झ ट्रक बनवणाऱ्या डाइमलरचा २०१२ साली, रॉयल एन्फील्डचा २०१३ साली. त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे आले, पुण्याकडचेही बरेच आले. चाकणच्या माणसाला इथे भाषा सोडली तर फारसं काही परकं वाटत नाही. तीच पाळ्यांची घंटा, तेच कॅन्टीन आणि डिस्पॅचच्या खोलीत मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला तोच पिवळा कागद, ज्यावर सगळ्या पोर्टलांचे पासवर्ड लिहिलेले असतात.

त्या कागदाला मी नावं ठेवणार नाही. तीन पाळ्यांमध्ये पाच-सहा माणसं एकाच लॉगिनवर काम करतात, कारण बऱ्याच पोर्टलांवर पुरवठादाराला फार थोडी खाती मिळतात. पोर्टल दर काही आठवड्यांनी पासवर्ड बदलायला लावतं. पहिल्या पाळीत बदललेला पासवर्ड तिसऱ्या पाळीला कळायला हवा, म्हणून कागद. सतत बदलायचं असलं की माणूस शेवटचा आकडा एकाने वाढवतो. जगभर सगळे हेच करतात. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात मोठी अक्षरं, आकडे आणि चिन्हं घाला, या शिस्तीला वजन आलं ते अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २००३ सालच्या एका दस्तऐवजामुळे. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ साली, निवृत्तीनंतर, त्यातल्या बऱ्याचशा भागाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी एनआयएसटीनेही आपलं मार्गदर्शन बदललं: पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका. ओरगडमच्या पोर्टलांपर्यंत हे अजून पोचायचं आहे.

कागदानंतर आमच्याकडे पासवर्ड मॅनेजर आला. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात बसून सगळे पासवर्ड सांभाळणारं एक एक्स्टेन्शन. एकट्या माणसासाठी केलेलं ते साधन आम्ही सगळ्या विभागासाठी वापरत होतो. एकच खातं, एकच मास्टर पासवर्ड, आणि तो सगळ्यांना ठाऊक. कागदावरचं सगळं तिजोरीत गेलं, तिजोरीची किल्ली मात्र प्रत्येकाच्या खिशात राहिली. एक माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा व्यवस्थापनाच्या ते लक्षात आलं आणि नवीन मॅनेजरवर जायचं ठरलं. ते काम माझ्याकडे होतं.

काम हातात घेतल्यावर पहिला प्रश्न आला तो प्लांटच्या प्रमुखांकडून: सगळं एकाच ठिकाणी ठेवायचं आणि तेच ठिकाण फुटलं तर? प्रश्न रास्त आहे, कारण असं घडलेलं आहे. लास्टपास या नावाजलेल्या मॅनेजरमध्ये २०२२ साली घुसखोरी झाली. हल्लेखोरांनी आधी ऑगस्टमध्ये कंपनीच्या प्रोग्रॅमिंगच्या यंत्रणेत हात घातला. तिथे मिळालेल्या माहितीच्या आधारे पुढे त्यांनी एका अभियंत्याचा घरचा संगणक गाठला आणि शेवटी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या राखीव प्रतीच उचलून नेल्या. त्या प्रतींमध्ये पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. म्हणजे कुणाचं खातं कुठल्या बँकेत आहे, हे चोराला तिजोरी न फोडताच वाचता येत होतं.

या घटनेवरून बरेच जण म्हणतात, मग कागदच बरा. मला ते पटत नाही. चांगल्या मॅनेजरमध्ये तुमचा मास्टर पासवर्ड कंपनीकडे जातच नाही. तो तुमच्याच संगणकावर एका गणिती प्रक्रियेतून लाखो वेळा फिरवला जातो आणि त्यातून कुलपाची किल्ली तयार होते. कंपनीच्या सर्व्हरवर राहतो तो फक्त कुलूपबंद मजकूर. चोराने तो नेला तरी त्याला एकेक मास्टर पासवर्ड अंदाजाने घालून बघावा लागतो, आणि प्रत्येक अंदाजाला तीच लाखो फेऱ्यांची मेहनत पडते. लास्टपासच्या प्रकरणात धोका कुणाला जास्त होता? ज्यांचा मास्टर पासवर्ड दुबळा होता, किंवा ज्यांचं खातं जुनं असून फेऱ्यांची संख्या फार कमी ठेवलेली होती, त्यांना. म्हणून नवीन मॅनेजर निवडताना आम्ही दोन गोष्टी विचारल्या: फेऱ्या किती आहेत, आणि पासवर्डाबरोबर पत्तेही कुलूपबंद असतात का.

निवडीच्या यादीत झोहो व्हॉल्टही होतं. इथल्या लोकांना त्याचं कौतुक असणं साहजिक आहे. १९९६ साली अॅडव्हेंटनेट नावाने सुरू झालेल्या आणि २००९ पासून झोहो म्हणवणाऱ्या या कंपनीचा मोठा परिसर गुडुवांचेरीजवळ आहे, ओरगडमहून गाडीने सहज जाता येईल इतका जवळ. आमच्या डिस्पॅचच्या मुलांना वाटत होतं, आपल्या गावचं आहे, तर विश्वासाचं आहे. ही भावना मला समजते. पण मॅनेजर जवळचा असो की टोरांटोचा, मी विश्वास ठेवीन तो बनवणाऱ्यालाही तो उघडता येत नसेल तरच. शेवटी कुठला घेतला हे इथे सांगत नाही, कारण त्यावर या लेखातलं काहीच अवलंबून नाही.

ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट वाटून घेण्याची. पासवर्डावरच्या बहुतेक सल्ल्यांमध्ये एक गृहीत असतं: पासवर्ड एका माणसाचा असतो, तो त्याने कुणालाही सांगायचा नसतो. आपल्या आयुष्यात असे पासवर्ड किती असतात? साताऱ्याच्या घराचं महावितरणचं बिल मी ओरगडमहून भरतो, बँकेचा ओटीपी मात्र तिकडे वडिलांच्या फोनवर जातो. मग आईला फोन. "आई, आला का गं नंबर?" "आला रे, थांब, चष्मा घेते." बँका सांगतात की ओटीपी कुणालाही सांगू नका. सल्ला बरोबर आहे, पण आई मुलाला नंबर सांगते ते घर चालवण्यासाठी, आणि अशी घरं लाखो आहेत. डिस्पॅचचं तेच. पुण्याच्या गृहसंस्थेच्या चिटणीसाचं तेच, गावच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या पोर्टलचंही तेच. एकमेकांना पासवर्ड सांगणं हा आपल्याकडे निष्काळजीपणा कमी आणि जबाबदारी वाटून घेणं जास्त असतं. ते बंद करा म्हणणाऱ्या साधनाला माणसं वळसा घालून पुढे जातात. ते नीट करू देणारं साधन मला हवं होतं.

नव्या पद्धतीच्या मॅनेजरमध्ये याची सोय असते, आणि तिचं गणित मला फार देखणं वाटतं. प्रत्येक सदस्याला किल्ल्यांची जोडी मिळते: एक सार्वजनिक, एक खासगी. सार्वजनिक किल्लीने कुलूप लावता येतं, ते उघडतं मात्र फक्त खासगी किल्लीने. मी ई-वे बिलाचं लॉगिन रात्रपाळीच्या सहकाऱ्याला देतो तेव्हा त्याच्या सार्वजनिक किल्लीने ते बंद होऊन त्याच्याकडे जातं. मधल्या सर्व्हरला काही वाचता येत नाही. प्रत्येकाचा मास्टर पासवर्ड आता वेगळा, कुणी काय कधी उघडलं याची नोंदही वेगळी. माणूस सोडून गेला की त्याचा प्रवेश काढता येतो. मात्र एवढ्यावर थांबायचं नाही. "पासवर्ड न दाखवता फक्त भरू द्या" अशी एक सोय बहुतेक मॅनेजर देतात, पण ब्राउझरमध्ये एकदा भरलेले ठिपके थोडं कसब असणाऱ्याला वाचता येतात. माणूस गेला की पासवर्ड बदलायचाच.

डिस्पॅचमध्ये एक ज्येष्ठ सहकारी आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कुठल्या पोर्टलला पासवर्डात कुठलं चिन्ह चालत नाही, कुठलं पोर्टल तीन चुकांनंतर दिवसभर बंद होतं, हे सगळं त्यांच्या वहीत आणि डोक्यात. त्यांनी मला विचारलं, "सार, हे रात्री चाललं नाही तर ट्रक कोण सोडणार?" या प्रश्नाने माझी निम्मी योजना घडवली. एक्स्टेन्शन तिजोरीची कुलूपबंद प्रत संगणकावरही ठेवतं, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी पासवर्ड दिसतो. पण संगणकच गेला तर? डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळात चेन्नई आणि उपनगरांत वीज आणि मोबाइल नेटवर्क किती काळ गेलं होतं, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. ई-वे बिलाच्या पोर्टलला १ एप्रिल २०२५ पासून सगळ्याच करदात्यांसाठी दुहेरी पडताळणी सक्तीची झाली आहे, म्हणजे नुसता पासवर्ड असूनही भागत नाही. त्यामुळे पाळीप्रमाणे वेगळे उपवापरकर्ते केले, प्रत्येकाचा ओटीपी त्याच्याच फोनवर येईल असं बघितलं, आणि खातं परत मिळवण्याचा संकेत छापून बंद पाकिटात प्लांटच्या तिजोरीत ठेवला. अण्णांच्या वहीतल्या सूचना, पासवर्ड वगळून, त्या त्या लॉगिनच्या टिपणात उतरवून घेतल्या. ते काम त्यांनी स्वतः शेजारी बसून करून घेतलं.

प्रत्यक्ष बदलात धोक्याची वेळ एकच असते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जुन्या मॅनेजरमधून सगळं बाहेर काढताना जी फाइल मिळते ती सहसा साधी असते. सगळे पासवर्ड, सगळे पत्ते, कुलपाशिवाय. ती डाउनलोड्समध्ये उतरते, आणि तो फोल्डर क्लाउडशी जोडलेला असेल तर तिची प्रत क्षणात तिकडेही जाते. म्हणून आधी ती जोडणी बंद करायची, फाइल आत घेतली की ती पुसायची, रिसायकल बिनही रिकामी करायची. जोडलेल्या फाइली आणि जुन्या पासवर्डांचा इतिहास या मार्गाने बहुधा येत नाही. पासवर्डाऐवजी वापरली जाणारी पासकी तर सहसा येतच नाही. फिडो या संघटनेने २०२४ साली कुलूपबंद देवाणघेवाणीच्या नियमांचा मसुदा मांडला, तो सगळीकडे रुळायला हवा. जाण्याची वाट साफ ठेवणाऱ्या मॅनेजरवर माझा विश्वास जास्त बसतो.

नवीन एक्स्टेन्शन आलं की जुनं काढून टाकावं, ब्राउझरचं स्वतःचं "पासवर्ड जतन करू का?" हेही बंद करावं. दोन-तीन राखणदार एका चौकटीवर भांडू लागले की माणूस वैतागून हाताने पासवर्ड लिहू लागतो, आणि तिथेच नुकसान होतं. कारण एक्स्टेन्शनचं सगळ्यात मोठं काम पासवर्ड भरण्याचं नाही, न भरण्याचं आहे. बनावट संकेतस्थळ आपल्या डोळ्याला हुबेहूब दिसतं. एक्स्टेन्शन रंग आणि बोधचिन्ह बघत नाही, फक्त पत्ता बघतं, आणि पत्ता जुळला नाही तर गप्प बसतं. मात्र पान उघडताच आपोआप भरण्याची सोय मी सगळ्यांकडे बंद ठेवली. तेवढ्यानेही सगळं भागत नाही: २०२५ च्या ऑगस्टमध्ये मारेक टोथ या संशोधकाने डेफ कॉन परिषदेत दाखवलं की दुष्ट पान एक्स्टेन्शनची चौकट अदृश्य करून आपल्याच क्लिकने माहिती काढून घेऊ शकतं. अनेक नामांकित मॅनेजर त्यात सापडले.

पत्त्यावरच्या या निष्ठेची परीक्षा मध्यंतरी सगळ्या देशाने दिली. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं. निर्णय चांगला, कारण हा पत्ता नोंदणीकृत बँकेलाच मिळतो आणि भामट्याला घेता येत नाही. पण ज्यांच्या तिजोरीत जुना पत्ता होता त्यांचं एक्स्टेन्शन नव्या पानावर गप्प बसलं, आणि ते बरोबरच होतं. अशा वेळी शाखेतून किंवा बँकेच्या कागदावरून पत्ता पडताळायचा आणि मग तिजोरीत नवा पत्ता घालायचा. साताऱ्याच्या खात्यासाठी मी वडिलांना शाखेत जाऊन विचारून यायला सांगितलं. ते गेले, विचारून आले, फोनवर एकेक अक्षर सांगितलं.

सहकारी बँका आणि पतसंस्थांना यानिमित्ताने एक विनंती आहे. पासवर्डाच्या चौकटीत पेस्ट करायला मनाई करू नका. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ सालीच संकेतस्थळांना हे सांगितलं आहे. पेस्ट बंद केलं की लोक मॅनेजर सोडतात आणि सोपा, आखूड, सगळीकडे तोच पासवर्ड ठेवतात.

आणि वाचकांना एवढंच: मॅनेजर बदलायचा विचार असेल तर आधी जाहिराती आणि तक्ते बघू नका. घरात किंवा कचेरीत तुमच्यामागे कुणाला कुठलं लॉगिन लागेल, त्याची यादी करा. ज्यांची नावं त्या यादीत येतील त्यांच्याशी बोला. ज्या मॅनेजरमध्ये त्यांना ते नीट देता येईल, तोच घ्या.