शब्दप्रमाण आणि फोनवरचे कुलूप

मोबाइलवर बँकेचे संकेतस्थळ उघडले, तरी ते बँकेचेच आहे ही खात्री डोळे देऊ शकत नाहीत. समोर दिसते ते बोधचिन्ह, रंग आणि मजकूर. हे सारे कोणालाही हुबेहूब उतरवता येते. बनावट पानावरही तीच चिन्हे असल्याने अनुमानालाही आधार राहत नाही. उरते ती तिसऱ्याची साक्ष. दुसऱ्याच्या शब्दावरून झालेले ज्ञान केव्हा खरे मानावे, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे आणि फोनवरच्या ब्राउझरलाही पान उघडताना दर वेळी त्याचा निकाल लावावा लागतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानले. अट एकच, तो शब्द आप्ताचा असावा. चार्वाकांना हे प्रमाण मान्य नव्हते. वैशेषिकांनी ते अनुमानातच जमा केले. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते विषय स्वतः जाणणारा आणि जसा जाणला तसा सांगू इच्छिणारा तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. म्हणजे आप्तपण कुळावर किंवा अधिकारपदावर ठरत नाही. ते जाणण्यावर आणि प्रामाणिक सांगण्यावर ठरते, आणि म्हणून त्या त्या विषयापुरतेच असते. ही शेवटची मर्यादा पुढे महत्त्वाची ठरते.

पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असले की दोन गोष्टी घडतात. फोन आणि संकेतस्थळ यांच्यातला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही, आणि पलीकडे कोण आहे याची ओळख पटवली जाते. पहिली गोष्ट गणिताची आहे. दुसरी नसेल तर तिला फारसा अर्थ नाही. चोराशी कितीही गुप्तपणे बोलले तरी ते चोराशीच बोलणे. ओळख पटवण्यासाठी संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र पुढे करते. त्यावर एका मधल्या प्रमाणपत्राच्या आधारे डिजिटल सही केलेली असते, मधल्यावर मूळ संस्थेची, आणि मुळावर मूळ संस्थेची स्वतःचीच. त्यापलीकडे कोणी नाही. अशी शंभराहून अधिक मूळ प्रमाणपत्रे फोनमध्ये आधीच भरलेली असतात. त्यांत कोणाला घ्यायचे हे गूगल, ॲपल यांसारख्या कंपन्या ठरवतात. वापरणाऱ्याला त्यांतली दोन नावेही सहसा सांगता येणार नाहीत.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने विग्रहव्यावर्तनीत नेमके इथेच बोट ठेवले होते. प्रमाण दुसऱ्या प्रमाणाने सिद्ध होत असेल तर अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी साखळी, येते. आणि ते प्रमाणाविनाच सिद्ध होत असेल, तर बाकीच्या गोष्टींना तरी प्रमाण कशाला हवे? अशा आक्षेपाला न्यायसूत्रांचे उत्तर तराजूचे आहे. तराजूने सोने तोलतात, पण तराजूचीच शंका आली तर वजन माहीत असलेल्या सोन्याने तराजू तपासता येतो. मीमांसक कुमारिल भट्टाची वाट वेगळी. त्याच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. कारण लागते ते त्याला खोटे ठरवायला. शंका आलीच तर तीन-चार ज्ञानांपलीकडे जावे लागत नाही, असेही त्याच्या श्लोकवार्तिकात आहे. ब्राउझरची साखळी बहुधा तीन दुव्यांची असते, हा योगायोग गमतीचा. त्यात जास्त काही शोधू नये.

फोन या दोन्ही पक्षांना धरून चालतो. संकेतस्थळाच्या बाबतीत तो नैयायिक असतो, बाहेरून पुरावा आल्याशिवाय मानत नाही. मुळांच्या बाबतीत तो मीमांसक होतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेला आधार देणाऱ्या एका जुन्या मुळाची मुदत संपली. आयओएस ९ वरच्या आयफोनांवर त्यामुळे अनेक संकेतस्थळे अडली. जुने अँड्रॉइड फोन मात्र चालत राहिले, कारण अँड्रॉइड मुळाची मुदत तपासतच नाही. मूळ हे मूळ. त्याला विचारायचे काय?

कुमारिलाच्या मते ज्ञान दोनच कारणांनी मागे घ्यावे लागते: विरुद्ध ज्ञान झाले तर, किंवा ज्ञानाच्या साधनात दोष सापडला तर. 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' ही सूचना फोनवर आली की याच दोन शक्यता वेगळ्या कराव्या लागतात, आणि त्यासाठी अन्वय-व्यतिरेक, म्हणजे दोष कुठे दिसतो आणि कुठे दिसत नाही हे ताडून पाहणे, पुरतो. सगळीच संकेतस्थळे अडत असतील तर दोष बहुधा फोनात आहे, त्यातही अनेकदा घड्याळात. प्रमाणपत्राला आरंभ आणि अखेर असते (सप्टेंबर २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली, आणि ती आणखी कमी होत आहे). बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेली की चांगले प्रमाणपत्रही अजून सुरू न झालेले दिसते. तारीख-वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करणे हा त्यावरचा उपाय. घड्याळ बरोबर असेल तर ब्राउझर आणि फोनची प्रणाली अद्ययावत करावी, कारण जुन्या प्रणालीत नवी मुळे नसतात. ठरावीक वाय-फायवरच अडत असेल तर मोबाइल डेटावर तेच पान उघडून पाहावे. स्थानकावरचे किंवा हॉटेलचे वाय-फाय आधी स्वतःचे नोंदणीचे पान पुढे करते आणि ब्राउझरला ते तोतयासारखे वाटते. फक्त एकच संकेतस्थळ सगळीकडे अडत असेल, तर दोष बहुधा पलीकडे आहे आणि तो त्यांनीच दुरुस्त करायचा असतो. यांपैकी कोणत्याही स्थितीत सूचना ओलांडून पासवर्ड टाकणे म्हणजे बाधक ज्ञान झाल्यावरही आधीचेच ज्ञान धरून बसणे.

सूचना न येणे मात्र फार थोडे सांगते. साधे प्रमाणपत्र एवढेच म्हणते की पत्त्यातले नाव ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशीच हे बोलणे चालू आहे. तो माणूस कसा आहे, हा प्रमाणपत्राच्या साक्षीचा विषयच नाही. फसव्या पानालाही असे प्रमाणपत्र रीतसर मिळते. कुलूप म्हणजे भरवसा हा समज इतका पक्का झाला होता की २०२३ मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरने पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्हच बदलले. फोनच्या अरुंद पट्टीत लांब पत्ता कापला जातो. म्हणून तो पूर्ण उघडून, '://' नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचे नाव उजवीकडून वाचणे हे वाचकाचेच काम राहते.

मीमांसेशी जुळणारे हे साम्य एका जागी तुटते. कुमारिलाला वेदाचे प्रामाण्य राखायचे होते, आणि वेद अपौरुषेय. वक्ताच नाही तर वक्त्याचा दोष कुठून येणार? फोनमधल्या मुळांना वक्ता आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी होऊन पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे निघाली, त्यांतले गूगलच्या नावाचे इराणमधल्या लोकांवर वापरले गेले, आणि संस्था दिवाळखोरीत गेली. जुलै २०१४ मध्ये भारताच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साखळीतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. त्यावर क्रोमने भारतीय मुळाचा शब्द काही ठरावीक भारतीय पत्त्यांपुरताच मानण्याचे ठरवले. वात्स्यायनाची मर्यादा अशी अमलात आली. २०१८ पासून क्रोम नव्या प्रमाणपत्रांची नोंद सार्वजनिक नोंदवह्यांत झाली पाहिजे असा आग्रह धरतो. हा तराजू तपासण्याचा मार्ग आहे.

कधी एखादे ॲप किंवा कार्यालयाचे वाय-फाय स्वतःचे मूळ प्रमाणपत्र फोनमध्ये टाकायला सांगते. तसे केले की ज्याच्याकडे त्या मुळाची गुप्त किल्ली आहे, त्याला वाटेत बसून कोणत्याही संकेतस्थळाच्या नावाने साक्ष देता येते, आणि ब्राउझर कुरकुर करत नाही. आयफोनवर अशा प्रमाणपत्रावर पूर्ण विश्वास वेगळ्या सेटिंगमधून द्यावा लागतो. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप ते आपणहून मानत नाहीत, क्रोम मात्र मानतो. अनोळखी मूळ शिरले असेल तर अँड्रॉइडवर ते सुरक्षेच्या सेटिंगमध्ये, वापरकर्त्याने टाकलेल्या प्रमाणपत्रांच्या यादीत सापडते आणि तिथूनच काढता येते.