पाण्याची बातमी

आषाढ लागला की नृसिंहवाडीत सकाळचा पेपर आतून उघडला जातो. राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, कोयनेतून विसर्ग किती, एवढी चौकट आधी. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ असतात. राधानगरीचा एक दरवाजा म्हणजे १४२८ क्युसेक. ते पाणी कोल्हापूर ओलांडून आमच्या घाटाला लागणार, आणि इथल्या संगमावर कृष्णा तुंबलेली असली तर इथेच फुगणार.

दैनिकांचे इतिहास संस्थापक, अग्रलेख आणि खटले यांनी भरलेले असतात. 'केसरी'सारख्या पत्राला ते शोभतंही. रोजच्या पेपरचं बळ मला दुसरीकडे दिसतं. डॉ. ना. भि. परुळेकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात त्यांनी 'सकाळ' काढला. मतापेक्षा बातमीला मान, साधी भाषा आणि गावोगावचे बातमीदार ही त्यांची घडी. बरोबर सात वर्षांनी, १ जानेवारी १९३९ ला, ग. गो. जाधवांचा 'पुढारी' कोल्हापुरात दैनिक म्हणून निघाला. तेव्हा संस्थान होतं. विलीनीकरणाला अजून दहा वर्षं होती. जाधव सत्यशोधक विचारांचे. पेपर बहुजनांच्या, शेतकऱ्याच्या घरात गेला पाहिजे हा त्यांचा ध्यास. अशा घरात पेपर टिकला तो तालुक्याच्या वार्ताहरामुळे, असं मी ठामपणे म्हणतो.

हा माणूस बहुधा शिक्षक, नाहीतर दुकानदार; पुष्कळदा पेपरचा एजंटही तोच. मानधन नावापुरतं. पूर्वी बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती सोपवायचं आणि दुसऱ्या दिवशी 'नृसिंहवाडी, ता. अमुक' एवढ्या ओळीखाली ती बातमी छापून आलेली बघायची. त्याचं स्वतःचं नाव कुठेच नाही.

त्याची खरी परीक्षा दक्षिणद्वाराच्या वेळी. नदी दत्ताच्या देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. त्या धारेत स्नान घडावं म्हणून लोक लांबून धावत येतात. उत्सवमूर्ती तोवर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवलेली असते. पाणी मंडपात आलं, पादुकांना लागलं आणि दक्षिणद्वार झालं, या तीन वेगळ्या बातम्या आहेत. मध्ये कधी काही तास जातात, कधी रात्र. कधी पाणी उंबऱ्यावरून मागे फिरतं. म्हणून भिजत, पायरीवर उभं राहूनच ती द्यावी लागते. अंदाजाने दिलेली बातमी वाडीकर वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. आम्ही एका शाळेतल्या छावणीत होतो. पेपर नव्हता, फोनवर मात्र धरण फुटल्याच्या अफवा तासातासाला येत. म्हाताऱ्या माणसांचा त्यावर विश्वास बसत नव्हता आणि भीतीही जात नव्हती.

मग एका सकाळी दूधवाल्याबरोबर एक ओलसर अंक आला. पहिल्या पानावर हेलिकॉप्टरमधून काढलेला फोटो होता, सगळं तपकिरी पाणी. शेजारच्या काकूंनी तो बाजूला सारला.

"ते राहू दे. आपल्या वाडीचं काय लिहिलंय, ते वाच आधी."

सहा ओळी होत्या. मी वाचल्या. मग पलीकडच्या वर्गातून कुणीतरी ते पान मागायला आलं.