तोंड धुतल्यावर

ॲम्स्टरडॅममध्ये कैझर्सग्राख्त कालव्याच्या काठी १६३८ साली नवं नाट्यगृह उघडलं. तिथलं उत्पन्न शहरातल्या अनाथाश्रमाला आणि वृद्धाश्रमाला जाई. खेळाला गर्दी झाली की पोरांच्या भाकरीची सोय होई.

त्या अनाथाश्रमातला एक मुलगा नाट्यगृहात पडद्यामागे पडेल ते काम करी. अंगरखा अर्धा लाल, अर्धा काळा. आश्रमाच्या सगळ्या मुलांचा तोच वेश, त्यामुळे रस्त्यात लांबूनच लोक म्हणत, अनाथ आला.

एका संध्याकाळी नाटककार ब्रेदेरोचं 'मोर्त्ये' होतं. जोडे शिवणाऱ्याच्या घरी जन्मलेल्या ब्रेदेरोनं १६१५मध्ये लिहिलेलं प्रहसन. एक तरुण आपल्या आवडत्या बाईला नजराणा द्यायला काळी गुलाम स्त्री विकत घेतो. त्याचा भाऊ तिचे कपडे चढवतो, तोंडाला काळं फासतो आणि तिच्या जागी त्या घरात शिरतो, आतल्या मुलीची अब्रू घ्यायला. याच नाटकात तो विकत घेणारा तरुण माणसांच्या व्यापाराला अमानुष म्हणतो. ब्रेदेरोनं ते मनापासून लिहिलं, असं मला वाटतं. म्हणूनच त्यानंतरचं हसू जास्त टोचतं. डचांनी पश्चिम आफ्रिकेतला एल्मिनाचा किल्ला १६३७मध्येच घेतला होता. तिथल्या किनाऱ्यावरून माणसं जहाजांत कोंबून ब्राझीलला नेली जात होती.

खेळ संपला. नटानं तोंड धुतलं. काळं पाणी टाकायला मुलगा मागच्या दारी गेला, तर तिथे एक काळा खलाशी उभा. शहरात योडेनब्रेस्त्राट या रस्त्याच्या बाजूला काळ्या लोकांची थोडी कुटुंबं राहत.

"पोरा, तू आतला ना? ज्या बाईचे कपडे त्यानं घेतले, तिचं पुढे काय झालं?"

मुलानं हा खेळ कितीदा तरी पाहिला होता. कुठे हशा पिकतो, तेही त्याला पाठ होतं. याचं उत्तर मात्र सापडेना. त्याची नजर खाली गेली, आपल्याच काळ्या बाहीवर.

"विचारून येतो, काका."

आत नट टॉवेलानं कानामागची काजळी पुसत होता. चेहरा पुन्हा गोरापान झाला होता.

"अहो, त्या बाईचं पुढे काय होतं?"

टॉवेल क्षणभर थांबला.

"कुठल्या बाईचं?"