साधन, संग्रह आणि शस्त्र

एकाच्या घरी एक बारा बोअरची दुनळी आहे आणि दुसऱ्याच्या घरी तीन जुन्या बंदुका आहेत, एवढ्यावरून पहिला गरजवंत आणि दुसरा शौकीन असे आपण चटकन ठरवून टाकतो. संख्येवरून वृत्ती ओळखण्याची ही रीत सोयीची असली तरी खरी नव्हे.

सेवाकाळात काही वर्षे शस्त्र-परवान्यांच्या फाइली माझ्या हाताखालून गेल्या. 1959 चा शस्त्र कायदा अर्जदाराला कारण विचारतो: स्वसंरक्षण, क्रीडा, पिकांची राखण. म्हणजे कायद्याच्या लेखी बंदूक हे साधन होय आणि साधनाचे समर्थन त्याच्या प्रयोजनात असते. यातून निघणारी पुढची गोष्ट मात्र अर्जदार सहसा विसरतात. प्रयोजन सरले की समर्थनही सरते. रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी घेतलेली बंदूक, शेत विकल्यानंतर कोणत्या नात्याने घरात राहते? परवान्याच्या नूतनीकरणासाठी येणारे पुष्कळ. ‘आता गरज उरली नाही’ म्हणून शस्त्र जमा करणारे क्वचितच भेटले.

संग्राहकाचे प्रयोजन असे सरत नाही. त्याला गोळी सुटण्याशी कर्तव्य नसते. त्याचा जीव चापाची घडण, दस्त्यावरील नक्षी, कारागिराची मुद्रा यांत गुंतलेला असतो. चकमकीची मिळाली की तोड्याची हवी. हा लोभच, असे कोणी म्हणेल. पण तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान यांचा असाच न शमणारा लोभ त्यांच्या मृत्यूनंतर, 1951 साली, हैदराबादच्या संग्रहालयाच्या रूपाने लोकांसाठी खुला झाला आणि तेथील शस्त्रे आज कोणीही पाहू शकतो. वस्तूचा इतिहास जाणणे, तो नोंदणे, जाणत्याला ती दाखविणे, हे संग्राहकाचे ऋण आहे. ते न फेडता कुलपात बंदुका ठेवणाऱ्याला मी साठेबाज म्हणेन.

तथापि आमच्या ग्वाल्हेर-चंबळ भागात खरी वस्ती तिसऱ्याच वर्गाची आहे. बंदूक खांद्यावर असावी, लग्नाच्या वरातीत लोकांनी ती पाहावी, एवढेच ज्याचे प्रयोजन! 2008 साली शिवपुरी जिल्ह्यात, नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली होती. ज्यांना ती सुचली त्यांनी माणसे बरोबर ओळखली होती, हे कबूल केले पाहिजे. हा वर्ग शस्त्र वापरीत नाही आणि जपतही नाही, मिरवतो. वरातीतल्या गोळीने माणूस दगावतो तो याच्याच हातून.

2019 च्या दुरुस्तीने परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेली शस्त्रेही या मोजणीत धरली जातात. कायद्याला मनात डोकावता येत नाही, म्हणून तो मोजतो. माजी अधिकारी म्हणून मला हे पटते. पण आजोबांची, वडिलांची आणि स्वतःची अशी तीन शस्त्रे असलेल्या घरात कोणते जमा झाले असेल? बहुधा आजोबांचे, कारण ते ‘कामाचे’ नव्हते. साधनाचा निकष लावला की स्मृती अशी पहिल्याच फेरीत बाद होते.

वाट अगदीच बंद नाही. जी जुनी शस्त्रे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत, ती कलम 45 नुसार या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. अस्सल संग्राहकाला चालू शस्त्र मुद्दाम निकामी करणे मूर्तिभंगाइतके खुपते, आणि त्याचे दुःख मी समजू शकतो. मात्र खंडेनवमीला पाटावर मांडल्या जाणाऱ्या आपल्या घरच्या ठासणीच्या बंदुकीला हा नियम जाचू नये. आपण तिला हळदकुंकू वाहतो ते शिंद्यांच्या चाकरीत इकडे आलेल्या पूर्वजाच्या आठवणीने. तिची नळी गंजून बुजलेली असली, तरी त्या पूजेत काय उणे पडते?