माथ्यावरचें ओझें

माणसाच्या माथ्यावरचें ओझें यंत्रानें उचललें, यांत खेद मानण्याजोगें काय आहे? पाठीचा कणा झिजविणें हा कांहीं पुरुषार्थ नव्हे. जमिनीवरील खुणा वाचीत मालाच्या मांडणीखालीं शिरावें व ती उचलून माणसापुढें आणावी, अशीं बुटकीं चालतीं यंत्रें निघालीं. आणि २०१२ सालीं अ‍ॅमेझॉननें तीं बनविणारी किव्हा ही कंपनीच विकत घेतली. चाकणच्या परिसरांतील अफाट गोदामें वाकडच्या वाचकांना अपरिचित नाहींत. तेथील मालकांनाही अशा यंत्रांची ओढ लागणें स्वाभाविकच आहे.

परंतु ओझ्याबरोबर आणखीही कांहीं जातें. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळींतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्यानें एक थोर तत्त्व मान्य केलें: जो हमाल कोणा एका धन्याचा नोकर नाहीं, त्याचा भार सबंध धंद्यानें वाहावा. म्हणून मालक माथाडी मंडळाकडे मजुरी भरतो व तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही देतो. तींतून हमालाचा भविष्यनिर्वाह निधि, बोनस व औषधोपचार चालतात. यंत्राला मजुरी नाहीं. अर्थात् त्याच्यावर लेव्हीही नाहीं.

कोणी म्हणेल, यंत्राची किंमत मोजल्यावर आणखी देणें तें कसलें? आमचें उत्तर असें, कीं ज्यांच्या खांद्यांवर धंदा वाढला, त्यांचें देणें त्या किमतींत फिटत नाहीं. वाचलेल्या मजुरीचा कांहीं अंश त्याच मंडळांत जावा, हें आम्हांस न्याय्य वाटतें. ओझ्याबरोबर भाकरीही गेली, तर तिला सुटका कोण म्हणेल?