चूक झाली की मूल कुठे जाते?



परीक्षेचा निकाल लागतो. एखाद्या विषयात मूल नापास झालेले असते आणि प्रगतिपुस्तकावर पालकांची सही हवी असते. अशा वेळी ते मूल आपल्यापुढे येऊन उभे राहते, की प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी दडवून ठेवते? इथे खरी परीक्षा मुलांची नसते, आपणा मोठ्यांची असते.

संत जॉन बॉस्को यांचा जन्म १८१५ साली इटलीतील एका गरीब शेतकरी घरात झाला. वडील वारले तेव्हा ते जेमतेम दोन वर्षांचे होते. आई मार्गारिटा हिने कष्ट करून मुलांना वाढवले. त्यांच्या बालपणीचा एक प्रसंग सांगितला जातो. आई बाजाराला गेली असताना छोट्या जॉनच्या हातून तेलाचे भांडे पडून फुटले. गरिबाघरचे तेल ते! जॉनने कुंपणाची एक काठी तोडली, ती छान तासली आणि आई परतताना दिसताच धावत जाऊन तिच्या हाती दिली. झालेले सारे खरे सांगितले. आईला हसू आले. तिने मारले नाही, पण गोष्ट हसण्यावारीही नेली नाही. काही करण्यापूर्वी विचार करायला शिक, असे तिने त्याला बजावले.

जॉनने स्वतःहून काठी आणली, कारण त्या घरात शिस्त होती. तो आईकडे धावत गेला, कारण त्या घरात विश्वास होता. मुलाला दोन्हींची गरज असते.

पवित्र मरिया मातेकडे पाहू या. येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमात मागे राहिला. आईवडिलांनी तीन दिवस त्याचा शोध घेतला. तो मंदिरात सापडल्यावर मरियेने त्याला जाब विचारलाच. पण तिने आधी प्रश्न केला, आपले दुःख सांगितले आणि त्याचे उत्तरही ऐकून घेतले. ते उत्तर तिला तेव्हा समजले नाही, तरी तिने ते अंतःकरणात जपून ठेवले. पुढे येशू त्यांच्या आज्ञेत राहिला, असे संत लूक सांगतो.

आपण काय करतो? ऐकून घेण्याआधीच हात उगारतो. शेजारच्या मुलाशी तुलना करतो. नाहीतर वेळ देता येत नाही म्हणून मागेल ती वस्तू हातात देतो आणि मग स्वतः मोबाईलमध्ये डोके घालून त्याला अभ्यासाला बस म्हणून ओरडतो. मुलांना चिडवू नका, नाहीतर ती खचून जातील, असा इशारा संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात बापांना दिला आहे. आपल्या चुका मुलांसमोर कबूल करणारे आईवडील त्यांना अधिक चांगले वळण लावू शकतात, अशी कॅथॉलिक धर्मशिक्षणाची शिकवण आहे. ‘बाळा, माझं चुकलं,’ हे शब्द आपल्या मुलांनी आपल्या तोंडून कधी ऐकले आहेत का?

बंधूभगिनींनो, हा प्रश्न केवळ प्रगतिपुस्तकाचा नाही. आज नापास झाल्याचे लपवणारे मूल उद्या वाईट संगत लपवील, व्यसन लपवील, मनातली निराशाही लपवील. आपल्याला कळेल तेव्हा कदाचित फार उशीर झालेला असेल. शिवाय देव पिता कसा आहे हे मूल प्रथम आपल्याच चेहऱ्यावर वाचते. घरी चूक सांगायला भिणारे मूल प्रायश्चित्त संस्काराला विश्वासाने कसे जाईल?

या आठवड्यात एवढेच करू या. संध्याकाळच्या रोझरीनंतर दहा मिनिटे टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवू. मुलाला दिवस कसा गेला ते विचारू आणि मध्ये न बोलता ऐकू. चुकले असेल तर चूक म्हणू, त्याचा परिणामही त्याला भोगू देऊ. पण जवळ घेतल्याशिवाय झोपी पाठवणार नाही.

हे प्रभो, उधळ्या पुत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या पित्याचे मन आम्हा सर्व आईवडिलांना दे. आमची मुले चुकली तरी आमच्याकडेच धावत येवोत. आमेन.